गाइडविना जॉर्जटाउन : पेनांगचे जुने शहर पायी कसे पाहावे

मलेशियाच्या वायव्य किनाऱ्याजवळ असलेल्या पेनांग बेटाला मलय भाषेत ‘पुलाउ पिनांग’ म्हणतात. त्याचा अर्थ सुपारीचे बेट. या बेटाच्या ईशान्य टोकाला जॉर्जटाउन हे जुने बंदर वसले असून २००८ साली युनेस्कोने मलाक्का आणि जॉर्जटाउन या दोन शहरांचा जागतिक वारसा यादीत एकत्र समावेश केला. पुष्कळ प्रवासी येथे एका दुपारपुरते येतात, भिंतींवरच्या चित्रांसमोर छायाचित्रे काढतात आणि परततात. तमिळ, फुकियन चिनी, मलय, अरब, आचेनी (म्हणजे सुमात्रातील आचेहचे), आर्मेनियन आणि युरेशियन अशी माणसे दोन शतके शेजारी शेजारी कशी राहिली, हे मात्र त्यांच्या नजरेतून निसटते. ते समजायचे असेल तर एखादा रस्ता कोणत्या टोकाने धरावा, तेथे कोणत्या वेळी पोहोचावे आणि चालताना नेमके काय पाहावे, हे आधी ठाऊक असायला हवे. म्हणून स्थळांच्या यादीऐवजी येथे सबंध दिवसाचा एक मार्ग दिला आहे. तो चार ते पाच किलोमीटरचा असून मध्ये दुपारची विश्रांती धरली आहे.

निघण्यापूर्वी नकाशा समजून घ्यावा

फ्रान्सिस लाइट याने ११ ऑगस्ट १७८६ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने हे बेट ताब्यात घेतले आणि किनाऱ्यालगत रस्त्यांची एक चौकट आखली. उत्तरेला लाइट स्ट्रीट, पूर्वेला बीच स्ट्रीट, दक्षिणेला चुलिया स्ट्रीट आणि पश्चिमेला पिट स्ट्रीट या तिच्या चार बाजू. या चौकटीच्या आत किंग, क्वीन, चर्च, बिशप, चायना, मार्केट असे लहान रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात. बंदर चालवायला माणसे हवी होती. म्हणून जो जितके जंगल तोडील तितकी जमीन त्याची, असे धोरण लाइटने ठेवले आणि व्यापारावर जकात घेतली नाही. त्यामुळे माणसे आली आणि आपापल्या लोकांजवळ स्थिरावली : किल्ल्याजवळ युरोपीय, चायना स्ट्रीटच्या आसपास चिनी, चुलिया आणि मार्केट स्ट्रीटकडे दक्षिण भारतीय, आणि चौकटीच्या दक्षिणेला मलय, अरब व आचेनी. हातातल्या नकाशावर ही चौकट पेन्सिलीने अधोरेखित करून घेतली, तर पुढचे सर्व चालणे सोपे होते.

रस्त्यांच्या नावांची अडचण मात्र आधीच लक्षात घ्यावी. पाट्यांवर मलय नावे असतात, तर जुनी माणसे अजूनही इंग्रजी नावे वापरतात. पिट स्ट्रीटचे आजचे नाव ‘जालान मस्जिद कपितान केलिंग’ आहे, बीच स्ट्रीट म्हणजे ‘लेबुह पंताई’, मार्केट स्ट्रीट म्हणजे ‘लेबुह पासार’ आणि चर्च स्ट्रीट म्हणजे ‘लेबुह गरेजा’. ‘लेबुह’ म्हणजे शहरातील रस्ता, ‘जालान’ म्हणजे मोठा रस्ता आणि ‘लोरोंग’ म्हणजे गल्ली. गोवा किंवा वसईच्या वाचकांना ‘गरेजा’ हा शब्द परका वाटणार नाही, कारण तो आणि आपला ‘इगर्ज’ हे दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दापासून आले आहेत. समुद्राच्या बाजूला ‘गाट लेबुह चुलिया’, ‘गाट लेबुह आर्मेनियन’ अशा पाट्या दिसतील. हा ‘गाट’ म्हणजे आपला घाट, नदीच्या किंवा समुद्राच्या पायऱ्यांचा. एकोणिसाव्या शतकात बीच स्ट्रीटच्या पूर्वेला भराव घालून ‘वेल्ड की’ हा नवा किनारा तयार झाला, तेव्हा जुने रस्ते जेवढे पुढे वाढले तेवढ्या भागाला हे नाव मिळाले. त्यामुळे ‘गाट’ अशी पाटी दिसली की आपण पूर्वीच्या समुद्रावर उभे आहोत असे खुशाल समजावे.

वेळ, हवा आणि पोशाख

मलेशियाचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे आहे. पेनांग त्या कालपट्ट्याच्या पश्चिम भागात असल्याने सूर्य सात-सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणून साडेसातला निघणे ही तेथे खरोखरच पहाट ठरते. हवा वर्षभर कोकणातल्या मे महिन्यासारखी दमट असते, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात पाऊस अधिक पडतो. सकाळी साडेसात ते साडेअकरा आणि दुपारी साडेतीन ते सात अशा दोन पाळ्यांत चालावे. मधले चार तास छपराखाली काढावेत. उत्साहाच्या भरात भर दुपारी चालणारे प्रवासी तिसऱ्या प्रार्थनास्थळापर्यंत इतके थकलेले असतात की पुढचे काहीच त्यांच्या मनात उतरत नाही.

खांदे आणि गुडघे झाकणारे सुती कपडे घालावेत. पादत्राणे सहज काढता-घालता येतील अशी असावीत, कारण ती दिवसभरात किमान चार वेळा काढावी लागतात. छत्री, पाण्याची बाटली आणि सुट्टे रिंगिट जवळ ठेवावेत. शुक्रवार टाळता आला तर टाळावा, कारण दुपारच्या नमाजासाठी मशिदी पर्यटकांना बंद असतात आणि रस्त्यावर गर्दी असते. भारतीय नागरिकांना पर्यटनासाठी १ डिसेंबर २०२३ पासून व्हिसाशिवाय प्रवेशाची सवलत मिळाली आहे. ही सवलत मुदतीची असते, म्हणून तिकीट काढण्याआधी चालू नियम पाहावा आणि आगमनापूर्वीचे डिजिटल पत्रक पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरावे.

पहिला टप्पा : घड्याळाच्या मनोऱ्यापासून चर्चपर्यंत

सुरुवात लाइट स्ट्रीट आणि बीच स्ट्रीट जेथे मिळतात तेथील व्हिक्टोरिया राणीच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून करावी. राणीच्या कारकिर्दीला १८९७ साली साठ वर्षे पूर्ण झाली, म्हणून मनोरा साठ फूट उंच बांधला. त्याचा खर्च चिआ चेन इओक या स्थानिक चिनी धनिकाने दिला. ब्रिटिश राणीचे स्मारक चिनी पैशातून उभे राहिले ही गोष्ट लक्षात ठेवून पुढे निघावे, कारण या शहरात असे व्यवहार पदोपदी भेटतात. मनोरा किंचित कललेला दिसतो, तो दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यामुळे.

समोरच कॉर्नवॉलिस किल्ला आहे. लाइटने आधी ताडासारख्या निबोंग झाडाच्या खोडांचे कुंपण घातले होते. विटांचा ताऱ्याच्या आकाराचा किल्ला त्यानंतरचा. समोरच्या मुख्य भूमीवरील केदाह राज्याच्या सुलतानाने संरक्षणाच्या आशेने बेट दिले, कंपनीने ते आश्वासन पाळले नाही, आणि १७९१ साली सुलतानाने बेट परत घेण्याचा प्रयत्न केला तो फसला. त्यानंतर मात्र या किल्ल्याला लढाई अशी पाहावी लागली नाही. ज्या गव्हर्नर जनरलचे नाव त्याला दिले तो कॉर्नवॉलिस मराठी वाचकांना टिपूविरुद्धच्या युद्धामुळे माहीत असतो. १७९२ साली श्रीरंगपट्टण येथे मराठे आणि निजाम त्याच्या बाजूने होते. किल्ल्याला प्रवेशशुल्क आहे. वेळ कमी असेल तर आत न जाता तट बाहेरून पाहून मैदानाच्या कडेने चालत गेले तरी चालेल, कारण मुख्य विषय पुढे आहे.

मैदानापलीकडे टाउन हॉल आणि १९०३ सालचा सिटी हॉल या इमारती पाहून फार्क्वार स्ट्रीटवरील सेंट जॉर्ज चर्चकडे वळावे. १८१८ साली पूर्ण झालेले हे चर्च आग्नेय आशियातील सर्वांत जुन्या अँग्लिकन चर्चपैकी आहे. ते भारतीय कैद्यांच्या श्रमातून उभे राहिले. बंगाल आणि मद्रासबरोबरच मुंबई इलाख्यातूनही काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी मलाक्का सामुद्रधुनीतील या वसाहतींत पाठवले जात, आणि येथील रस्ते, पूल व इमारतींसाठी त्यांना राबवले जाई. म्हणून दोन शतकांपूर्वी या गवतावर मराठी बोलणारे कोणी उभे राहिले असणे अगदी शक्य आहे. त्यांच्या नावाची पाटी कोठे नाही. चर्चसमोरील घुमटी फ्रान्सिस लाइटच्या स्मरणार्थ आहे. येथे दहा मिनिटे शांत बसावे असे मला मनापासून वाटते.

दुसरा टप्पा : पिट स्ट्रीटवरील तीन देवस्थाने

हा दिवसाचा गाभा आहे. अंतर अर्धा किलोमीटरच आहे, तरीही त्याला दोन तास द्यावेत. चर्चपासून दक्षिणेकडे चालू लागले की काही मिनिटांत उदबत्तीचा धूर दिसतो. हे क्वान यिन या करुणेच्या देवीचे मंदिर. १८०० च्या सुमारास कँटनी आणि फुकियन या दोन चिनी समाजांनी मिळून ते उभारले, आणि ‘कोंग हॉक केओंग’ या नावातही त्या दोन्ही प्रांतांची नावे गुंफलेली आहेत. दाराशी उभे राहून पाठ मंदिराकडे करावी आणि समोर पाहावे : चायना स्ट्रीट सरळ जुन्या समुद्राकडे जातो. गलबतातून उतरलेला माणूस त्या रस्त्याने थेट देवीसमोर येत असे. जहाजावरून सुखरूप उतरल्याबद्दल पहिला नमस्कार करायची ही जागा होती, हे त्या एका रेषेवरून जेवढे कळते तेवढे माहितीफलकावरून कळत नाही. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी येथे विशेष गर्दी असते. भाविकांच्या आणि धूपपात्राच्या मध्ये उभे राहू नये, आणि पूजा करणाऱ्याचा चेहरा न विचारता टिपू नये.

मंदिरानंतर डावीकडच्या गल्लीतून क्वीन स्ट्रीटवर यावे. श्री महामारिअम्मन मंदिराचे दार या रस्त्यावर आहे. पिट स्ट्रीटकडे त्याची पाठ येते, त्यामुळे नकाशा पाहून चालणारे अनेकजण ते चुकतात. पेनांगमधील हे सर्वांत जुने हिंदू मंदिर १८३३ सालचे आहे. दक्षिण भारतीय देवळांप्रमाणे ते दुपारी बंद होते, म्हणून अकराच्या आत येथे पोहोचणे आवश्यक आहे. या सबंध मार्गाचे वेळापत्रक मी याच एका कारणाने असे बांधले आहे. पौष-माघाच्या सुमारास येणाऱ्या थैपूसम उत्सवात या भागातून मुरुगनचा, म्हणजे कार्तिकेयाचा, रथ निघतो, आणि त्या वेळी चिनी लोकही रथासमोर नारळ फोडतात. रस्त्यावर नारळांचे ढीग पडतात. तारखा जुळत असतील तर तो दिवस जरूर साधावा.

पुन्हा पिट स्ट्रीटवर येऊन दक्षिणेला गेले की कपितान केलिंग मशीद लागते. १८०१ साली कंपनीने दिलेल्या जमिनीवर तमिळ मुस्लिम व्यापाऱ्यांनी ती स्थापन केली. या समाजाचा प्रमुख कौदर मोहिउद्दीन हाच पहिला ‘कपितान केलिंग’. ‘कपितान’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, आणि ‘केलिंग’ हे भारतीयांचे जुने मलय नाव कलिंग देशावरून पडले असे मानतात. मशिदीच्या नावात तो शब्द मानाने टिकला असला, तरी आज मलेशियातील भारतीयांना तो हिणवणारा वाटतो. म्हणून कोणाला उद्देशून तो उच्चारू नये. घुमट आणि मनोऱ्याचे मुघल वळण विसाव्या शतकातील पुनर्बांधणीतून आले आहे. नमाजाच्या वेळा सोडून पाहुण्यांना आत घेतात, झगे आणि ओढण्या दाराशी मिळतात, आणि तेथील स्वयंसेवक प्रश्नांची उत्तरे आस्थेने देतात. प्रश्न जरूर विचारावेत.

चुलिया स्ट्रीट आणि किंग स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा लहानसा नागोर दर्गा बहुतेक मार्गदर्शिकांत एका ओळीत संपतो, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. तमिळनाडूतील नागोरच्या शाहुल हमीद या संतांच्या स्मरणार्थ बांधलेल्या या वास्तूत कोणाची कबर नाही. समुद्रापलीकडे आलेल्या माणसांनी आपल्या गावच्या पीराची आठवण बरोबर आणली, एवढेच तिचे कारण.

तिसरा टप्पा : न्याहारी, सावली आणि पाचफुटी ओटे

क्वीन, मार्केट आणि पेनांग स्ट्रीट या तीन रस्त्यांत ‘लिटल इंडिया’ आहे. डोसा, इडली, केळीच्या पानावरचे जेवण येथे सहज मिळते. शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : मलय आणि चिनी पदार्थांत ‘बलाचान’ म्हणजे कोलंबीचे आंबवलेले वाटण भाजीतही असते, आणि नुसते ‘सायुर’ म्हणजे भाजी मागितल्याने ते टळत नाही. ‘ताक नाक दागिंग, इकान, उदांग, बलाचान’ असे सांगावे. म्हणजे मांस, मासे, कोलंबी आणि ते वाटण नको. चिनी खानावळीच्या पाटीवर 素 या अक्षराची खूण असेल तर तेथील जेवण शाकाहारी असते.

मांसाहारी वाचकांनी ‘नासी कांदार’ चुकवू नये. ‘नासी’ म्हणजे भात आणि ‘कांदार’ म्हणजे खांद्यावरची कावड. तमिळ मुस्लिम विक्रेते कावडीच्या एका टोकाला भात आणि दुसऱ्या टोकाला कालवणे टांगून गोदीतल्या हमालांना जेवण विकत. आता कावड गेली आहे, पण भातावर तीन-चार रस्से एकत्र ओतण्याची पद्धत टिकली आहे. त्याला ‘बांजिर’ म्हणजे पूर असा शब्द आहे. तो उच्चारला की वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटते.

दुपारचा वेळ चर्च स्ट्रीटवरील पिनांग पेरानाकन मॅन्शनमध्ये घालवावा. चिनी पुरुष आणि स्थानिक स्त्रिया यांच्या विवाहांतून जो समाज तयार झाला, तो पेरानाकन किंवा बाबा-न्योन्या. त्यांची दागिने, मणीकाम, चिनी मातीची भांडी आणि लाकडी कोरीवकाम यांची आवड या घरात दिसते. घराचा मूळ मालक चुंग केंग क्वी हा मात्र कथील खाणींवर श्रीमंत झालेला हक्का चिनी होता, पेरानाकन नव्हता. ही संग्रहालयाची मांडणी आहे, एका कुटुंबाचे जसेच्या तसे घर नाही, एवढे समजून पाहावे.

येथून बाहेर पडल्यावर दुकानघरांकडे लक्ष द्यावे. दर्शनी भाग अरुंद, मागे लांबच लांब खोली आणि मध्ये उजेड-पाण्यासाठी उघडा चौक, ही रचना आपल्याकडील वाड्यांत राहिलेल्याला लगेच उमगते. समोरच्या छपराखालील ओट्याला ‘काकी लिमा’ म्हणजे पाच पाय किंवा पाच फूट म्हणतात. ऊनपावसातून चालण्यासाठी तो सार्वजनिक मार्ग आहे, पण दर घराची जोत्याची उंची वेगळी असते आणि मध्येच उघडी गटारे येतात, म्हणून येथे चालताना मोबाइल खिशात ठेवावा. ही घरे इतक्या संख्येने वाचली यामागे १९६६ चा भाडेनियंत्रण कायदा होता. भाडे इतके कमी की पाडून नवे बांधणे मालकाला परवडेना. मुंबईच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. २००० साली तो कायदा संपला, अनेक जुन्या भाडेकरूंना घरे सोडावी लागली, आणि त्यांच्या जागी कॅफे आणि लहान हॉटेले आली.

चौथा टप्पा : आर्मेनियन स्ट्रीट आणि कोंग्सी

साडेतीनला पुन्हा निघून पिट स्ट्रीटच्या दक्षिण टोकाशी यावे. लेबुह आचेह येथील मलय मशीद १८०८ साली सय्यद हुसेन अल-आइदिद या अरब वंशाच्या आचेनी व्यापाऱ्याने स्थापन केली. हजला जाणारे यात्रेकरू येथे उतरत आणि जहाजाची वाट पाहत. मनोऱ्यावर जे गोल भोक दिसते ते १८६७ च्या दंगलीतील तोफगोळ्याचे, असे सांगतात. त्या दंगलीविषयी थोडे सांगायला हवे, कारण पिट स्ट्रीटला आज ‘सलोख्याचा रस्ता’ म्हणतात आणि ते नाव ऐकून येथे सदैव शांतता होती असा समज होतो. ऑगस्ट १८६७ मध्ये घी हिन आणि तुआ पेक काँग या दोन चिनी गुप्त संघटना दहा दिवस रस्त्यांवर लढल्या. घी हिनच्या बाजूने ‘पांढरे निशाण’ आणि तुआ पेक काँगच्या बाजूने ‘लाल निशाण’ या मलय व भारतीय मुस्लिमांच्या संघटना उतरल्या. म्हणजे फळ्या धर्मावर किंवा वंशावर पडल्या नव्हत्या, त्या व्यापार, वस्ती आणि मैत्रीवर पडल्या होत्या. या शहराची सरमिसळ त्याच्या भांडणातही दिसते.

शेजारच्या अरुंद बोळातून खू कोंग्सीत शिरावे. ते पाच वाजता बंद होते आणि त्याला प्रवेशशुल्क आहे. कोंग्सी म्हणजे एका आडनावाच्या लोकांची भाऊबंदकी संस्था : नवागताला राहायला जागा, काम, लग्न, अंत्यविधी, सारे तीच पाहत असे. आधीचे सभागृह १९०१ साली जळाले. सम्राटाच्या महालाशी बरोबरी केल्याने देव कोपले असे लोक म्हणत, आणि १९०६ चे सभागृह म्हणे त्याहून साधे आहे. छपरावरील कोरीव काम पाहिल्यावर यावर विश्वास बसणे कठीण जाते. ओट्यावर पहारा देणारे दगडी शीख शिपाई मात्र आवर्जून पाहावेत.

आर्मेनियन स्ट्रीटवरील १२० क्रमांकाच्या घरात १९१० साली चिनी नेते सन यत्-सेन यांच्या क्रांतिकारी संघटनेचे ठाणे होते, आणि पुढील वर्षीच्या ग्वांगझू येथील उठावाची आखणी पेनांगमध्ये झाली. याच रस्त्यावर अर्नेस्ट झकारेविच यांचे २०१२ सालचे सायकलवरील दोन मुलांचे चित्र आहे, ज्यासमोर दिवसभर रांग लागते. चित्र सुंदर आहे, पण त्यासाठी रांगेत अर्धा तास घालवू नये. सकाळी आठला ते एकटे असते.

शेवटचा टप्पा : पाण्यावरची वस्ती

गाट लेबुह आर्मेनियनने पूर्वेला गेले की वेल्ड कीवर चिनी कुळांच्या जेट्ट्या लागतात. खांबांवर, पाण्यावर उभ्या असलेल्या या घरांत च्यू, लिम, तान, ली अशा आडनावांचे लोक राहतात. सर्वांत मोठी च्यू जेट्टी. जमिनीवर घर नसल्याने त्यांना जमिनीचा कर लागत नसे. चिनी नववर्षाच्या नवव्या दिवसाच्या आदल्या रात्री येथे जेड सम्राटाचा उत्सव होतो आणि वेदीला ऊस बांधतात. ही लोकांची राहती घरे आहेत. फळ्यांवर सावकाश चालावे, उघड्या दारातून आतले छायाचित्र घेऊ नये, आणि अंधार पडल्यावर रेंगाळू नये. या जेट्ट्या पूर्वेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे सूर्य येथे समुद्रात बुडताना दिसत नाही. तो शहराच्या मागे उतरतो आणि समोरची मुख्य भूमी काही मिनिटे तांबूस होते.

तेथून फेरीचा धक्का दहा मिनिटांवर आहे. बटरवर्थला जाणारी फेरी पकडून पलीकडे जावे, आणि परतताना पुढच्या कठड्याशी उभे राहावे. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ मात्र चढण्यापूर्वी खिडकीवर विचारून घ्यावी.